आई मोजे घालत नाही

जूनमध्ये आईला घेऊन ठाण्यातल्या एका हॉस्पिटलमध्ये गेले होते. तिचे दोन्ही गुडघे गेली सात-आठ वर्षं दुखतायत, एक्सरेत झीज दिसते, ऑपरेशनला ती तयार नाही, मग आमच्या डॉक्टरांनी सांगितलं की तिकडे गुडघेदुखीवरच्या एका गोळीचा स्टडी चालू आहे, तपासण्या फुकट होतील, विचार करा. आई म्हणाली, "तुझंच ना गं काम हे? मग जाऊया की."

माझं काम म्हणजे काय ते आधी सांगते. मी ऐरोलीला एका कंपनीत क्लिनिकल डेटामध्ये आहे, म्हणजे औषधांच्या चाचण्यांत गोळा झालेली माहिती तपासते, अकरा वर्षं झाली. (आईचा स्टडी आमच्या कंपनीचा नाही, ते आधी बघून घेतलं, नाहीतर मी तिला तिथे नेलंच नसतं.) रोज कळव्याहून ठाण्याला येऊन ट्रान्सहार्बरची गाडी पकडायची, ऑफिसात जाऊन स्क्रीन उघडायची आणि संध्याकाळपर्यंत रकाने बघायचे. पेशंट मला कधीच दिसत नाही, मला दिसतो फक्त सब्जेक्ट नंबर. हॉस्पिटलमधून माहिती भरून येते, त्यात एखादा रकाना रिकामा असेल, तारीख उलटी असेल, कोणाचं बीपी १२० च्या जागी १२०० पडलं असेल तर आम्ही क्वेरी टाकतो, समोरून उत्तर येतं, क्वेरी बंद होते, पुढचा रकाना. हे काम मला मनापासून आवडतं आणि ते महत्त्वाचं आहे असं मला आजही वाटतं, कारण उद्या कोणीतरी ती गोळी घेणार असतं आणि आकडा चुकला तर त्या माणसाच्या जिवाशी खेळ आहे. पण अकरा वर्षांत पहिल्यांदाच मी टेबलाच्या त्या बाजूला बसले होते जिथे हा आकडा जन्माला येतो.

कोऑर्डिनेटर मुलगी चोवीस-पंचवीसची असेल, फार गोड आणि समजूतदार. आधी कन्सेंट फॉर्म वाचून दाखवला. त्यात एका ठिकाणी "यादृच्छिक पद्धतीने" असं होतं, आईने विचारलं म्हणजे काय गं, तर ती म्हणाली, "मावशी, चिठ्ठी टाकतात ना, तसं. कोणाला खरी गोळी आणि कोणाला साधी, औषध नसलेली, ते चिठ्ठीवर." इतक्या सोप्या शब्दात मला स्वतःला सांगता आलं नसतं. आई थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "मग मला साधी आली तर?" मुलगी म्हणाली, तर दुखण्यासाठी पॅरासिटामॉल घेता येईल मावशी, आणि तुम्ही कधीही बाहेर पडू शकता. आईला पटलं, सही केली. पण तो प्रश्न माझ्या डोक्यात राहिला, त्याकडे नंतर येते.

मग प्रश्नावली. गेल्या ४८ तासांत अमुक करताना किती त्रास झाला: अजिबात नाही, थोडा, मध्यम, खूप, अतिशय. पाच पर्याय, शून्य ते चार मार्क.

"मावशी, जिना चढताना?"

"खूप." आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही, तिसरा मजला.

"गाडीत बसताना-उतरताना?"

"कुठल्या गाडीत?"

"कार, मावशी."

"कारमध्ये मी कधी बसते? रिक्षा चालेल का?" चालेल म्हणाली. "रिक्षात नाही गं एवढा त्रास, धरायला दांडी असते. लोकलचं विचारत असशील तर मात्र..."

"लोकलचं नाहीये मावशी यात. मोजे घालताना?"

आई माझ्याकडे बघायला लागली. "मी मोजे घालत नाही बाळा."

"मग काही त्रास नाही ना?"

"नाही."

मुलीने "अजिबात नाही"वर टिक केली. मग पुढे मोजे काढताना असाही प्रश्न होता, तिथेही टिक. मग संडासला बसता-उठताना. आईने खरं ते सांगितलं, की आता काही नाही. कारण चार वर्षांपूर्वी गुडघ्यामुळेच आम्ही घरातलं भारतीय पद्धतीचं भांडं काढून कमोड बसवला होता, तेव्हा आई आठ दिवस शेजारच्या काकूंकडे जात होती. आजाराने घर बदलायला लावलं आणि घर बदललं म्हणून कागदावर आजार कमी झाला. तिसरं शून्य.

येताना शेअर रिक्षात आई म्हणाली, "त्या पोरीने मांडीचं विचारलंच नाही."

मला एकदम लक्षात आलं. आईला गुडघ्याचं सगळ्यात मोठं दुःख काय आहे तर तिला मांडी घालून बसता येत नाही. जेवायला टेबल आहे, स्वयंपाक ओट्याशी उभ्याने होतो, ते सगळं तिने जमवून घेतलं. पण ती वीस वर्षं भजनी मंडळात आहे, दर गुरुवारी हरिपाठ असतो, आणि गेली दोन वर्षं ती मागे भिंतीला लागून प्लास्टिकच्या खुर्चीत बसते. देव खाली, बाकीच्या बायका खाली सतरंजीवर आणि ही वर खुर्चीत, तिला ते मेल्याहून मेल्यासारखं होतं. आधी ती पुढे बसून टाळ वाजवायची, आता मागून आवाज पोचत नाही म्हणून टाळही घेत नाही. सत्यनारायणाला, हळदीकुंकवाला बोलावणं आलं की काहीतरी कारण काढते. हे सगळं त्या गुडघ्यांनी केलंय आणि प्रश्नावलीत त्याला जागाच नाही.

हे प्रश्न ज्या प्रश्नावलीतले आहेत तिचं नाव वोमॅक. गुडघ्याच्या आणि खुब्याच्या झिजेवर जगभर वापरतात. नावातच गाव आहे, वेस्टर्न ओंटारिओ आणि मॅकमास्टर या कॅनडातल्या दोन युनिव्हर्सिट्या. २४ प्रश्न, ५ दुखण्याचे, २ आखडण्याचे, १७ कामाचे. ज्यांनी बनवली त्यांनी फार मेहनतीने बनवली, तिकडच्या पेशंटना विचारून बनवली आणि त्या थंडीत म्हाताऱ्या माणसाला मोजे घालता न येणं ही खरंच मोठी अडचण असणार, त्यात त्यांचं काहीच चुकलं नाही. पुण्यात संधिवातावर काम करणाऱ्या डॉक्टरांनी या प्रश्नावलीची भारतीय वापरासाठी बदललेली आवृत्तीही केली आहे, म्हणजे आपल्याकडे हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं असंही नाही. तरी त्या दिवशी आईच्या समोर आले ते मोजेच.

आणि इथे माझ्या धंद्यातली गोष्ट सांगते, जी मला त्या रात्री झोपू देईना. त्या मुलीने मोज्याचा रकाना रिकामा सोडला असता तर माझ्यासारख्या कोणीतरी क्वेरी टाकली असती, मग तिने लिहिलं असतं की पेशंट मोजे घालत नाही, मग कोणीतरी विचार केला असता की अशा किती बायका आहेत. पण शून्य आलं की क्वेरी येत नाही. शून्य हा अगदी व्यवस्थित आकडा आहे, ० ते ४ च्या मध्ये बसतो, सिस्टीम हिरवी दिसते. मी अकरा वर्षांत अशी किती शून्यं पुढे पाठवली असतील याचा हिशोब मी करूच शकत नाही. आम्हाला शिकवतात की डेटा क्लीन पाहिजे. तो होताच क्लीन.

हे एकाच प्रश्नावलीचं नाही. तब्येतीचा एकंदर अंदाज घ्यायला एसएफ ३६ नावाची एक प्रसिद्ध प्रश्नावली आहे, तिच्या मूळ इंग्रजीत मध्यम मेहनतीच्या कामांची उदाहरणं म्हणून टेबल सरकवणं, व्हॅक्यूम क्लीनर ढकलणं, बोलिंग आणि गोल्फ अशी दिली आहेत. चिंता मोजायच्या दुसऱ्या एका प्रश्नावलीत पोटात फुलपाखरं उडाल्यासारखी भीती वाटते का असं विचारलंय. आपल्या पोटात भीतीने फुलपाखरं उडत नाहीत, गोळा येतो. आणि आमच्या बिल्डिंगमधल्या बायकांना उदास वाटतं का विचारलं तर नाही म्हणतील, पण जीव लागत नाही, हातपाय गळाल्यासारखे होतात, कशात मन नाही, हे दिवसभर सांगतील. अनुवाद करणारी माणसं हे बदलतात, काळजीपूर्वक बदलतात, उलटा अनुवाद करून तपासतात. पण शब्द बदलता येतो, मुळात कुठला प्रश्न विचारायचा हे आधीच कोणीतरी ठरवून झालेलं असतं, आणि ग्यानबाची मेख तिथेच आहे.

मी बीएस्सीला होते तेव्हा आम्हाला शिकवलं होतं की विज्ञान म्हणजे वस्तुनिष्ठ, मूल्यं वगैरे माणसाची, विज्ञानात त्यांना जागा नाही. आता मला वाटतं की आकडा आला की पुढचं बहुतेक सगळं खरंच वस्तुनिष्ठ असतं, निदान तसा प्रामाणिक प्रयत्न असतो, मी तो रोज बघते. पण आकडा येण्याच्या आधी कोणाला घ्यायचं, काय विचारायचं, कशाला सुधारणा म्हणायचं, कुठली चूक चालेल आणि कुठली नाही हे ठरवावं लागतं आणि त्याला गणित पुरत नाही. तिथे कोणाचं जगणं महत्त्वाचं मानलंय तो प्रश्न असतो, आणि ते कुठे लिहिलेलंही नसतं कारण ठरवणाऱ्याला ते ठरवलं असं वाटतच नाही.

कोणाला घ्यायचं याचं बघा. शेजारच्या काकू, ज्यांच्याकडे आई आठ दिवस जात होती, त्याही आमच्याबरोबर आल्या होत्या. गुडघे आईपेक्षा वाईट. त्यांना घेतलं नाही, कारण इन्सुलिन चालू आहे. कारण समजण्यासारखं आहे, आजार एकात एक मिसळले की गोळीने काय झालं ते कळत नाही. पण उद्या ही गोळी बाजारात आली तर ती घेणार कोण, तर काकूच, आमच्या मजल्यावर साठीपुढच्या चार बायकांत तिघींना शुगर आहे. म्हणजे ज्यांच्यावर तपासलं ते एक आणि ज्यांनी खायचं ते दुसरेच.

बायकांच्या बाबतीत हे किती वर्षं चाललं ते वाचून मी हादरले होते. १९७७ साली अमेरिकेच्या औषध खात्याने सुरुवातीच्या चाचण्यांमध्ये मूल होऊ शकेल अशा वयाच्या बायकांना घेऊ नका अशी सूचना काढली, त्याच्या मागे थॅलिडोमाइडची भीती होती, गरोदर बायकांनी ते औषध घेतलं आणि बाळं व्यंग घेऊन जन्माला आली, ते जगाने बघितलं होतं, हेतू चांगलाच होता. १९९३ मध्ये ती सूचना मागे घेतली गेली. पण मधल्या काळात रोज अ‍ॅस्पिरिन घ्या, हार्ट अटॅक टळतो, हे जगाला ज्या मोठ्या अभ्यासाने पटवलं, १९८९ चा, त्यात २२,०७१ डॉक्टर होते आणि सगळेच्या सगळे पुरुष. पहिला हार्ट अटॅक ४४ टक्क्यांनी कमी. मग बायकांवर तसा मोठा अभ्यास झाला, ३९,८७६ बायका, निकाल आला २००५ ला, आणि पहिल्या हार्ट अटॅकमध्ये एकंदरीत काही फरक दिसला नाही, स्ट्रोक मात्र कमी झाले. डोस वेगळा होता, पुरुषांना दिवसाआड ३२५ मिलिग्रॅम आणि बायकांना दिवसाआड १००, त्यामुळे थेट तुलना करू नये हे मला कळतं. पण मधली सोळा वर्षं बायकांनी काय करायचं ते पुरुषांवरून ठरत होतं हे खरं आहे. झोपेच्या झोल्पिडेम गोळीचंही तेच, बायकांच्या रक्तात ती सकाळपर्यंत जास्त राहते, आणि अमेरिकेत बायकांचा डोस १० वरून ५ मिलिग्रॅम केला तो २०१३ ला. गोळी तेव्हा वीस वर्षं जुनी होती.

माझा स्वतःचा याच्याशी संबंध आला तो वजनावरून. ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये माझा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती तो आकडा, २३.८ आला, रिपोर्टवर नॉर्मल, कारण २५ पर्यंत नॉर्मल. त्याच रिपोर्टमध्ये शुगर वरच्या काठाला. मग मी शोधत गेले. बीएमआयचं गणित बेल्जियमच्या केतले नावाच्या माणसाचं, एकोणिसाव्या शतकातलं, तो सरासरी माणूस कसा असतो ते शोधत होता, त्याला कोणाच्या शुगरशी काही देणंघेणं नव्हतं. १९७२ ला अमेरिकेत अ‍ॅन्सेल कीज यांनी त्याला बॉडी मास इंडेक्स हे नाव दिलं, तो अभ्यासही पुरुषांवरच. आणि मग आपल्या पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक. २००४ ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि लंडनच्या जॉन युडकिन यांचा एक फोटो छापून आला, दोघं शेजारी शेजारी उभे, दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. आणि अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. मला तो फोटो फार आवडतो. त्यांच्याच पुण्याजवळच्या खेड्यातल्या अभ्यासात दिसलं की आपली बाळं जन्मतः साधारण २.७ किलोची, इंग्लंडच्या साउथॅम्प्टनची ३.५ च्या आसपास, पण इतकी बारीक असूनही आपल्या बाळांच्या अंगात चरबी त्या मानाने राखलेली असते आणि मांस कमी असतं. त्याच २००४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी सांगितलं की आशियातल्या लोकांसाठी २३ पासूनच लक्ष द्या. माझा रिपोर्ट वीस वर्षांनंतरचा होता आणि त्यावर २५ च छापलेलं होतं.

आता कुठली चूक चालेल त्याकडे येते, कारण माझ्या मते सगळ्यात खोल गोष्ट ही आहे. १९५३ साली रिचर्ड रुडनर नावाच्या अमेरिकन तत्त्वज्ञाने एक साधं उदाहरण दिलं होतं. औषधात विषारी घटक घातक प्रमाणात नाही असं म्हणायचं असेल तर आपण भरपूर पुरावा मागू, आणि पट्ट्याच्या बकलांचा एक लॉट ठीक आहे असं म्हणायचं असेल तर थोड्यावर भागेल. का? कारण एका चुकीत माणूस मरतो आणि दुसऱ्या चुकीत पँट सैल होते. म्हणजे किती पुरावा पुरेसा हे पुराव्यावरून ठरतच नाही, चुकलो तर काय होईल यावरून ठरतं. आम्ही ऑफिसात रोज ०.०५ वापरतो, वीसात एक, म्हणजे औषधाचा उपयोग नसतानाही असा फरक नुसत्या योगायोगाने दिसायची शक्यता त्याहून कमी असेल तरच निकाल मानायचा, हा आकडा फिशर या संख्याशास्त्रज्ञाने १९२५ ला सोयीचा म्हणून सुचवला आणि तो आमच्याकडे देव्हाऱ्यात जाऊन बसला. गुडघ्याच्या गोळीलाही तोच आणि कॅन्सरच्या गोळीलाही तोच. का तोच, हे मी अकरा वर्षांत एकाही मीटिंगमध्ये ऐकलं नाही, मीही विचारलं नाही.

हे पुस्तकातलं वाटेल पण २०२१ च्या एप्रिलमध्ये, कोविडच्या लाटेत, आपण सगळे हेच जगलो. घराघरात ऑक्सिमीटर आणि डोक्यात एकच आकडा, ९४. ९४ असेल तर घरी थांबा, ९३ झालं की हॉस्पिटल शोधा. माझे मामा दिव्याला राहतात, रंगाने गडद. दिवसभर ९४-९५ दाखवत होतं, मी स्वतः फोनवर सांगितलं मामा काळजी करू नका, पहाटे धाप लागली, कळव्यापर्यंत आणेतो ओठ निळे, आठ दिवस आयसीयूत होते. वाचले. त्याच्या चार महिने आधी, डिसेंबर २०२० ला, अमेरिकेतल्या एका अभ्यासात आलं होतं की ऑक्सिमीटर ९२ ते ९६ दाखवत असताना रक्तात ऑक्सिजन प्रत्यक्ष ८८ च्या खाली, असं गोऱ्या पेशंटमध्ये ३.६ टक्के वेळा झालं आणि काळ्या पेशंटमध्ये ११.७ टक्के वेळा. यंत्र बोटातून लाल आणि न दिसणारा इन्फ्रारेड उजेड पाठवून मोजतं, त्वचेला रंग देणारं मेलॅनिन मध्ये येतं. १९९० सालीच एका पेपरमध्ये हे लिहिलं गेलं होतं. आणि २०१३ च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांत यंत्र तपासायला निदान १० माणसं घ्या, त्यातली निदान २ किंवा १५ टक्के गडद त्वचेची, एवढंच होतं. मामांच्या बाबतीत नेमकं तेच झालं असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही, तो आजार रातोरातही पालटायचा. पण मी त्यांना ९४ वर विश्वास ठेवायला सांगितलं तेव्हा तो ९४ कोणाच्या बोटावर बसवलेला आहे हे मला माहीत नव्हतं, आणि माझं कामच आकड्यांचं आहे.

आणि तो ९४ तरी नुसता फुप्फुसाचा आकडा होता का? ९५ ठेवला असता तर निम्मं ठाणं बेडसाठी रस्त्यावर आलं असतं, ९० ठेवला असता तर माणसं घरातच दगावली असती. आपल्याकडे बेड किती आहेत हे त्या रेषेत मिसळलेलं असणार असं मला वाटतं. कुठेतरी रेष आखावी लागते, मला मान्य आहे. ती आखताना काय काय धरलं ते लोकांना सांगावं एवढंच माझं म्हणणं आहे.

आता आईच्या चिठ्ठीकडे येते. मला साधी आली तर?

१९९८ मध्ये मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये टाटा मेमोरियलने एक फार मोठा अभ्यास सुरू केला. ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख बायका, २० वस्त्या. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर लवकर सापडावा म्हणून व्हिनेगरसारखं पातळ अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड लावून बघायचं, पांढरा डाग उठतो का. हे काम साध्या शिकलेल्या बायकांना ट्रेनिंग देऊन त्यांच्याकडून करून घेतलं, डॉक्टर नको, लॅब नको. इथे चिठ्ठी बाईची नव्हती, वस्तीची होती. निम्म्या वस्त्यांत दर दोन वर्षांनी तपासणी आणि निम्म्या वस्त्यांत कॅन्सरची माहिती दिली, तपासणी नाही. २०१३ ला निकाल आला: तपासणीच्या वस्त्यांत या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी. काही रुपयांच्या अ‍ॅसिडने. अभ्यास करणाऱ्यांचा अंदाज होता की देशभर केलं तर वर्षाला २२,००० बायका वाचतील.

या निकालाचा मला अभिमान आहे, आजही. आणि तरी त्या दुसऱ्या निम्म्या वस्त्या माझ्या डोळ्यांसमोरून जात नाहीत. पॅप टेस्टने, म्हणजे गर्भाशयाच्या मुखाच्या पेशी घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर, हा कॅन्सर लवकर सापडतो हे जगाला १९४० च्या दशकापासून माहीत होतं. मग नंतर मोठा वाद झाला, मुंबईचा आणि भारतातले आणखी दोन असे तीन अभ्यास मिळून तपासणी न झालेल्या गटांत २५४ बायका या कॅन्सरने गेल्या असा हिशोब टीकाकारांनी मांडला. करणाऱ्यांचं उत्तर असं की भारतात या बायकांना तशीही कुठलीच तपासणी मिळत नव्हती, देशात तसा कार्यक्रमच नव्हता, त्यामुळे तपासणी नाही हीच इथली नेहमीची पद्धत, आम्ही कोणाचं काही काढून घेतलं नाही. आणि निम्म्यांशी तुलना केल्याशिवाय सरकार पैसे कशाला घालेल.

मी हे दोन्ही बाजूंनी कितीतरी वेळा वाचलं. मुंबईच्या अभ्यासाचा पैसा अमेरिकेच्या कॅन्सर संस्थेचा होता, आणि तिकडच्या बायकांवर तपासणीशिवाय गट ठेवायला कोणी परवानगी दिली नसती. मग "नेहमीची पद्धत" हा शब्द कुठून येतो? प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे अभ्यासाच्या लेखी आराखड्यात, तो अगदी निरुपद्रवी दिसतो, मी असे शेकडो प्रोटोकॉल वाचलेत आणि तिथे कधी थांबले नाही. पण बाई झोपडपट्टीत राहते, म्हणून तिला काही मिळत नाही, म्हणून काही न मिळणं हे तिचं नॉर्मल, आणि तेच नॉर्मल तुलनेचा पाया. हे विज्ञानाने शोधलेलं नाही, हे शहराने केलेलं आहे आणि अभ्यासाने ते जसंच्या तसं उचललं. मी त्या डॉक्टरांच्या जागी असते तर काय केलं असतं? मला वाटतं मी दोन्ही गटांना तपासणी द्यायच्या बाजूने भांडले असते, वेगवेगळ्या दोन पद्धतींची तुलना करा म्हटलं असतं. उत्तर यायला जास्त बायका आणि जास्त वर्षं लागली असती हेही मला माहीत आहे. तरीही.

हे सगळं मी एकदा आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर थोडक्यात लिहिलं होतं, तर एका काकांनी लगेच टाकलं, म्हणजे हे सगळे रिसर्चवाले चोर, मी तर आधीपासून सांगतोय लस घेऊ नका. मला खूप वाईट वाटलं. मी त्यांच्या घरी जाऊन बसले, चहा झाला, आणि सांगितलं की काका, ऑक्सिमीटर चुकतो हे कोणी शोधलं, डॉक्टरांनीच, रक्त तपासून, आकडे मोजून. अ‍ॅस्पिरिनचं बायकांवर करून बघितलं तेही त्यांनीच. याज्ञिक स्वतःच्या अंगाची चरबी मोजून उभे राहिले. मोजणं चुकीचं असतं तर आपल्याला यातलं काहीच कळलं नसतं. काका म्हणाले बघतो. लस त्यांनी अजून घेतलेली नाही.

ऑफिसात मात्र मी एक गोष्ट केली. नवीन स्टडीचा फॉर्म डिझाइन होत होता, मी म्हटलं की प्रत्येक कामाच्या प्रश्नाला "हे काम मी करत नाही" असा सहावा पर्याय द्या, आणि करत नसाल तर का, सवय नाही म्हणून की दुखतं म्हणून. दोन मीटिंग झाल्या. प्रश्नावली तपासून मान्य झालेली असते, तिला हात लावता येत नाही, स्कोअर जगभरच्या स्कोअरशी जुळला पाहिजे, हे सगळं बरोबरच आहे. शेवटी शेजारी एक वेगळा, स्कोअरमध्ये न धरला जाणारा छोटा रकाना घ्यायला ते तयार झाले. त्यात काय येतं ते अजून बघायचंय, पहिला पेशंट यायचाय.

गणपतीनंतर आईची दुसरी विझिट होती. सकाळपासून पाऊस, विटाव्याच्या पुलाखाली पाणी भरलेलं, त्यामुळे आम्ही लोकलनेच गेलो. कळव्याला आईला चढवताना मागून एका बाईने अक्षरशः कमरेला धरून वर उचललं. तीच मुलगी होती. परत जिना, परत कार, परत मोजे. मी काही बोलायचं नाही असं ठरवलं होतं, सब्जेक्टच्या नातेवाइकाने उत्तरं द्यायची नसतात. मोज्यापाशी आल्यावर आईच म्हणाली, "बाळा, तू मोज्याचं काय लिहायचं ते लिही. पण मला मांडी घालता येत नाही, ते कुठेतरी लिही." मुलीने फॉर्म उलटून पालटून बघितला. मग फाइल ओढली, नोट्सच्या कागदावर पेनने लिहिलं, खाली सही आणि तारीख घातली.

"वाच बघू काय लिहिलंस," आई म्हणाली.

मुलीने वाचलं, "पेशंट सांगतात की जमिनीवर मांडी घालून बसता येत नाही. भजनाला खुर्ची वापरतात."

"दोन वर्षं झाली, तेही लिही."

तिने लिहिलं. तो कागद हॉस्पिटलच्या फाइलमध्येच राहील, माझ्यासारख्या कोणाच्या स्क्रीनवर तो येणार नाही. तिसरी विझिट डिसेंबरमध्ये आहे.